ढील देण्याची वेळ

धुळे,
पौष शुद्ध पंचमी

चि. सोनू,

तुझं पत्र मिळालं. दाजींनी सारंगखेड्याच्या बाजारातून बिजली नावाची घोडी आणली हे ताईनं फोनवर सांगितलंच होतं, पण तिचा स्वभाव तुझ्या पत्रातून कळला. अडीच वर्षांची काठियावाडी, कानांची टोकं एकमेकांना भिडणारी, लगाम दिसला की मान झटकते, मागचा पाय हातात देत नाही, पाठीवर खोगीर आलं की उधळते. गावातल्या जाणत्यांनी दिलेले तीन सल्लेही तू लिहिलेस: चंदी तोडा, काटेरी लगाम घाला आणि एखादा जड गडी बसवून नांगरलेल्या रानात पळवा, म्हणजे मस्ती जिरेल. यातलं काय करू, असं विचारतेस.

यातलं काहीच करू नकोस. काटेरी लगाम तर कायद्यानंही चालत नाही. जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना काटे असलेली काठी, लगाम वा साज वापरायला 1965 च्या नियमांनी बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. बिजलीचं तेज हीच तिची खरी किंमत आहे. बाजारात दाजींनी देवमण आणि अंगावरचे इतर शुभ मानले जाणारे भोवरे पाहून पैसे मोजले असतील. तू मात्र तिचे खूर, दात, पाठ आणि डोळे बघ. ती उधळते त्याची काही कारणं तिथे सापडतील.

पहिलं कारण तुझ्याच पत्रात आहे. दिवसभर आगाडी-पिछाडी लावून उभी, समोर भिजवलेला हरभरा आणि काम शून्य. घोडा हा कळपानं राहणारा, चालत चालत चरणारा प्राणी. मोकळा सोडला तर दिवसाचे सोळा-सोळा तास तो थोडं थोडं खात हिंडतो. त्याला दाण्याची ताकद द्यायची आणि पाय बांधून ठेवायचे, तर ती ताकद जाणार कुठे? विहिरीशेजारचं पडीक रान दाजींना कुंपण घालून द्यायला सांग. तारेचं काटेरी कुंपण नको, बांबूचं किंवा लाकडी फळ्यांचं कर. रोज निदान चार-पाच तास ती तिथे मोकळी राहू दे आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात गाय किंवा शेळी बांध. एकटेपणानं घोडी बावरते. आठवड्याभरात तिच्या अंगातला निम्मा ताण गेलेला तुला दिसेल.

खाण्याचं माप असं ठेव. घोडी 300 किलोच्या आसपास धरली तर दिवसाला 5 ते 6 किलो सुका चारा तिच्या पोटात गेलाच पाहिजे, तोही तीन-चार वेळा विभागून. काम नाही तोवर हरभरा अगदी मूठभर. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर पोसू नकोस. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, वाढत्या हाडांना ते बाधतं. लसूणघास थोडा दिलास तर चालेल. ज्वारीचा वाळलेला कडबा चालतो, पण सध्या तुमच्या रानात उभी असलेली हिरवी कोवळी ज्वारी तिला घालू नकोस. गाईंची पेंड किंवा कोंबड्यांचं खाद्य तिच्यापासून कुलपात ठेव. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते पचतं, घोड्याचा मात्र जीव घेतं. चाऱ्यात कोणताही बदल करायचा तर आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू कर. पाणी सदैव समोर हवं. थंडीतही ती 20-25 लिटर पिईल, चैत्र-वैशाखात त्याच्या दुप्पट.

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र तुला शाळेत सांगितलं असेल. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहतो. पण त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांच्या दाण्यावैरणीचा आहे. पावसाळाभर पुरेल असा साठा मोजून वापरा, गवताच्या गंजीजवळ आगटी-चिलीम नको, दिवा नको, नाहीतर घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं त्यात बजावलं आहे. राज्याच्या धामधुमीत राजाला गंजीजवळचा दिवा आठवतो, हे लक्षात ठेव. घोड्याचं जगणं पूर्णपणे त्याला बांधणाऱ्याच्या हातात असतं.

दुसरं कारण तोंडात आहे. अडीच वर्षांच्या वयात घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात आणि पहिल्या दाढा पडून पक्क्या यायला लागतात. हिरड्या दुखत असताना लोखंडाची कडी तोंडात गेली तर मान झटकणारच. काही घोड्यांना दाढेपुढे एक बारीक दात असतो, तोही कडीला लागतो. पशुवैद्याला बोलावून तोंड तपासून घे. तोवर लगाम खुंटीवर राहू दे आणि सगळं काम म्होरकीवर कर.

तिसरं कारण पाठीत आहे, आणि इथे तुझी थोडी निराशा होईल. गुढीपाडव्याला बिजलीवर बसून मारुतीच्या देवळापर्यंत जायचं तू ठरवलं आहेस. या पाडव्याला ते नको. घोड्याच्या गुडघ्याजवळची हाडं साधारण अडीच वर्षांनी पक्की होतात, पण पाठीचा कणा पुरता भरायला पाच-सहा वर्षं लागतात. ती बाहेरून थोराड दिसते, आतून अजून शिंगरूच आहे. यंदा ओझं नको. पुढच्या वर्षी थोडा थोडा वेळ तू बस, तूच, कारण तू हलकी आहेस. भरल्या घोड्यानंसुद्धा स्वार आणि खोगीर मिळून स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाहू नये. जड गडी बसवायचा सल्ला देणाऱ्यांना हा हिशेब सांग.

आता शिकवण्याचं. यातलं सगळं विसरलीस तरी एक गोष्ट विसरू नकोस: घोडा ओढल्यानं शिकत नाही, सोडल्यानं शिकतो. तू दोरीला ताण दिलास म्हणजे त्याला फक्त प्रश्न पडला. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच क्षणी दोरी सैल झाली, की त्याला उत्तर मिळालं. ढील दोन-तीन सेकंद उशिरा मिळाली तर कशाबद्दल मिळाली हे त्याला उमगत नाही. आणि त्यानं मान झटकल्यावर घाबरून दोरी सोडलीस, तर मान झटकली की सुटका होते हे तो पक्कं शिकतो. बिजली आज जे करते त्यातलं बरंचसं तिला असंच कोणीतरी नकळत शिकवलेलं आहे. तुझा हात कधी सैल होतो, याच्याकडेच तिचं सारं लक्ष असतं.

मागच्या पायाचंच घे. पहिल्या दिवशी खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत नुसता हात फिरव. ती स्थिर उभी राहिली की हात काढून घे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडीपर्यंत, मग ढोपरापर्यंत. पाय उचलून दिला की क्षणभर धर आणि तिनं हिसका देण्याआधी तूच खाली ठेव. हळूहळू वेळ वाढव. नालबंद येईल तेव्हा ती त्याच्या हातात पाय देईल आणि दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासणं सोपं होईल. खुरातली माती रोज काढ. ओल्या शेणात उभं राहून खूर सडतो, आणि खूर गेला की घोडा गेला.

खोगिराचंही तसंच. आधी घडी केलेली घोंगडी दाखव, हुंगू दे, पाठीवर ठेव, काढ. मग मोकळं खोगीर, मग ढिला तंग. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी कर. डाव्या डोळ्याला ओळखीची झालेली वस्तू उजव्या डोळ्याला नवी वाटू शकते. तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या अगदी मागे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या दिशेनं, बोलत बोलत जा. लांब दोरीवर गोल फिरवशील तेव्हा दोन्ही दिशांना सारखं, आणि थोडा वेळच. कोवळ्या सांध्यांना फार गोल फेरे सोसत नाहीत. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. तिनं एखादी गोष्ट नीट केली की तिथेच थांब. आणखी एकदा करून बघण्याचा मोह आवर.

ती बाजारातून आली आहे, तेव्हा दोन-तीन आठवडे तिला इतर घोड्यांत मिसळू देऊ नकोस. ताप, नाकातून घाण, जबड्याखाली गाठी दिसल्या तर लगेच डॉक्टर. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घे. तो रोग माणसालाही होतो. धनुर्वाताची लस घे, तिच्यासाठी आणि तुझ्यासाठीही. पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढल्या की सर्रा नावाचा रोग येतो: ताप चढतो-उतरतो, पायांना आणि पोटाखाली सूज येते, घोडी खंगते. गोठ्यातलं शेण रोज उचल.

पोटदुखीला सर्वांत जप. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात काही अडलं तर वरून सुटका नाही. चारा सोडला, लीद नाही, सारखी कुशीकडे बघते, पुढच्या पायानं जमीन उकरते, लोळते, असं दिसलं तर चारा काढून घे आणि वेळ न दवडता डॉक्टरांना बोलाव. कोणी बाटलीनं तेल पाजायला आलं तर हात धरून थांबव. ते फुप्फुसात जाऊ शकतं. निरोगीपणी तिची नाडी आणि ताप मोजायला शीक. स्वस्थ उभी असताना नाडी मिनिटाला 30-40 ठोके, ताप 38 अंशांच्या आसपास. तिचं नेहमीचं माप ठाऊक असेल तरच बिघाड लवकर कळेल.

खरारा स्वतः कर, गड्यावर सोपवू नकोस. अंगावरून हात फिरताना कुठे गरम लागतं, कुठे ती अंग चोरते, हे तुझ्याच बोटांना कळलं पाहिजे. दोरी हाताला कधीही गुंडाळू नकोस. एका ओढीत सुटेल अशी गाठ मार. टाचेचे बूट घाल, आणि स्वारीचे दिवस येतील तेव्हा हेल्मेटशिवाय बसायचं नाही, हे आजच ताईला वचन देऊन टाक.

राग आला तर त्या दिवशी शिकवणं बंद. चारा-पाणी कर, खरारा कर आणि घरी जा. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये झेनोफन नावाच्या सेनानीनं घोड्यांवर पुस्तक लिहिलं, त्यातही रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये असं सांगितलं आहे. एका संतापात गमावलेला विश्वास परत मिळवायला महिने जातात. तुझ्यात चिकाटी आहे, माया आहे. फक्त घाई आहे. घाई सोडलीस तर बिजली तुझी होईल, आणि तिचं तेजही जसंच्या तसं राहील.

आजपासून एक वही घाल. काय खाल्लं, लीद कशी होती, काय शिकवलं, कुठे ढील दिलीस, रोज चार ओळी. मी फाल्गुनात येईन तेव्हा आधी वही वाचेन, मग घोडी बघेन.

दाजींना आणि ताईला नमस्कार. कुंपणाचं काम संक्रांतीच्या आत करून घ्या.

तुझा,
मामा