पाठीचा कणा आणि श्वासोच्छ्वास

चालणे, बसणे, वाकणे या क्रियांशी पाठीच्या कण्याचा संबंध कोणालाही सहज कळतो. श्वासाशी असलेला त्याचा संबंध मात्र सहसा ध्यानात येत नाही. पोक काढून बसावे आणि दीर्घ श्वास घेण्याचा प्रयत्न करावा. मग ताठ बसून तोच प्रयत्न पुन्हा करावा. दोहोंतील फरक क्षणात जाणवतो. हा फरक का पडतो, आणि त्यावरून कण्यावरील उपचारांविषयी कोणता निष्कर्ष काढावा व कोणता काढू नये, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

छातीच्या पिंजऱ्याची रचना

मनुष्याच्या छातीच्या भागात कण्याचे १२ मणके असून त्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या सांध्यांनी जोडलेल्या असतात. पहिल्या ७ जोड्या आपापल्या कूर्चांनी पुढे उरोस्थीला मिळतात, नंतरच्या ३ वरच्या कूर्चेचा आधार घेतात आणि शेवटच्या २ जोड्यांची पुढची टोके मोकळी असतात. श्वास घेताना वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्याप्रमाणे पुढे व वर उचलल्या जातात. खालच्या बरगड्या बादलीची कडी उचलावी तशा बाजूंना फाकतात.

श्वसनाचा मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल. हा घुमटाकार स्नायू खालच्या बरगड्यांना आणि कमरेच्या वरच्या मणक्यांना बांधलेला असतो. तो आकुंचन पावून खाली सरकला की छातीतील पोकळी वाढते व फुप्फुसांत हवा शिरते. त्याला चालना देणारे मज्जातंतू मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या पातळीवर मज्जारज्जूतून निघतात. म्हणूनच त्याहून वर मज्जारज्जू पूर्णपणे तुटल्यास श्वास बंद पडतो. तात्पर्य, कणा हा श्वसनाच्या भात्याचा मागचा खांब होय.

खांब वाकला म्हणजे

कणा एका बाजूस १० अंशांहून अधिक वळला असेल तर त्यास पार्श्ववक्रता म्हणतात. सौम्य वक्रतेने श्वासावर सहसा परिणाम होत नाही. परंतु छातीच्या भागातील वक्रता फार वाढून १०० अंशांच्या घरात गेली तर फुप्फुसांना फुलण्यास जागा उरत नाही आणि पुढे श्वसन निकामी होण्याचा धोका संभवतो. उतारवयात हाडे ठिसूळ होऊन मणके दबतात, पाठीला बाक येतो व फुप्फुसांची धारणशक्ती घटते. मणक्यांच्या क्षयाने येणाऱ्या कुबडाचाही असाच परिणाम होऊ शकतो. कण्याचे सांधे आखडून जुळून येण्याच्या एका संधिविकारात बरगड्यांची हालचालच मंदावते. निरोगी प्रौढाची छाती पूर्ण श्वास घेताना साधारणपणे ५ सेंटिमीटर फुगते. हे माप २.५ सेंटिमीटरपर्यंत उतरल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

मणके बसविण्याची चिकित्सा

अमेरिकेतील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट या गावी डॅनिअल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती सुरू केली. शेकडा ९५ रोग मणके सरकल्यामुळे होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. हाताने झटका देऊन मणके जागी बसविले की रोग हटतो, या विचारातूनच ही पद्धती पुढे दम्यासाठीही वापरली जाऊ लागली.

हा दावा कॅनडातील एका प्रयोगात पारखला गेला. त्याचा अहवाल १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ७ ते १६ वर्षे वयाची दमेकरी ९१ मुले त्यात घेण्यात आली. नेहमीची औषधे चालू ठेवून काही मुलांवर ४ महिने खरा उपचार केला गेला, तर इतरांवर केवळ तसा भास होईल असा. दोन्ही गटांतील मुलांना थोडे बरे वाटले. परंतु श्वासाच्या जोरात दोहोंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात, बरे वाटण्याचे श्रेय मणके बसविण्याला देता येत नाही.

याचे कारणही उघड आहे. दम्यात अडथळा असतो तो श्वासनलिकांत. त्यांना आतून सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात, कफ साचतो. भात्याचा खांब ठीक केल्याने नळीतील अडथळा दूर होत नाही.

व्यवहारात काय करावे

कंबरदुखीत मणक्यांवरील हस्तोपचाराने काही रुग्णांना माफक आराम मिळतो, हे मान्य करावयास हवे. तथापि ठिसूळ हाडे, मणक्यांचा क्षय किंवा आखडलेला कणा असताना झटका दिल्यास हाड मोडू शकते. मानेला झटका दिल्याने रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याचीही विरळा उदाहरणे आहेत.

१० ते १४ वर्षांच्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, पाय जुळवून कमरेतून पुढे वाकावयास सांगावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे. वाढ पुरी होण्यापूर्वी वक्रता ध्यानात आली तर पट्टा वापरून ती वाढण्यास पुष्कळदा आळा घालता येतो. मोठ्यांनी दीर्घ वेळ एकाच बैठकीत राहू नये. रोज चालावे व छाती मोकळी करणारे व्यायाम करावेत.

दमेकरी मुलाची श्वासावाटे घ्यावयाची औषधे मात्र कोणाच्याही आश्वासनावरून बंद करू नयेत. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर पडणे, श्वासागणिक बरगड्यांमधील जागा आत ओढली जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. अशा वेळी पाठ चोळण्यात किंवा मणके बसवून घेण्यात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो. ताठ कणा श्वासाला साहाय्य करतो, हे खरे. परंतु तो दम्याचे औषध नव्हे.