सुगीत पोरांना काय काम द्यावं?

दसरा झाला की आपली सगळ्यांचीच धांदल उडते. सोयाबीन वाळून खडखडायला लागतं. काढणी लांबली तर शेंगा तडकून दाणे रानातच सांडणार. मजूर मिळत नाही, परतीच्या पावसाचा भरवसा नाही आणि ओल आहे तोवर हरभरा पेरायचा असतो. नेमकी तेव्हाच पोरांना दिवाळीची सुट्टी लागते. आपल्याला हायसं वाटतं, चला, घरचे दोन हात वाढले!

खरं सांगा, मग दिवसभर आपल्या तोंडी काय असतं? "ताडपत्री धर. पाणी आण. अरे, तिथं नको उभा राहूस." पोरगं पळून पळून दमतं, पण आज काय केलंस विचारलं तर त्याला सांगता येत नाही. वर आपण ऐकवतोच, "आम्ही तुझ्याएवढे होतो तेव्हा..."

मला वाटतं, पोरांना एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांचं म्हणून द्यावं.

घरचाच हरभरा पेरणार असाल, तर उगवण तपासायचं काम त्यांच्याकडे सोपवून बघा. औषध न लावलेले शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभराने गुंडाळी सोडून चांगले मोड आलेले दाणे मोजायचे. जितके दाणे तितके टक्के! मग पोरांसमोरच हिशेब करा. उगवण कमी दिसली तर एकरी बियाणं थोडं वाढवा. आपण मोजलं म्हणून बाबांनी बियाणं वाढवलं, हे लेकरू आठवडाभर गावभर सांगत फिरेल.

काही कामं मात्र कितीही घाई असली तरी त्यांची नाहीत. मळणी यंत्राच्या तोंडाशी पोर नको, फवारणीच्या आसपास नको. सोयाबीनची गंजी हलवताना खाली साप असू शकतो, तिथंही नको. 2016 मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला, त्यातही 14 वर्षांखालच्या मुलांना घरच्या शेतीत मदतीची मुभा आहे ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोका नसलेल्या कामापुरतीच.

लेकींकडेही जरा बघूया. ती आपल्याबरोबर कापूस वेचून येते. घरी आल्यावर भाऊ हातपाय धुऊन बसतो आणि हिला आपण भाकरीच्या पिठाकडे पाठवतो. ती बोलत नाही, पण तिला कळतं.

आणि आपला राग. बाजारात सोयाबीनमधला ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला म्हणून भाव कापला जातो आणि रात्री ताटावर आपण पोरावर खेकसतो. त्याला वाटतं, आपलंच काही चुकलं. "भाव पडला म्हणून डोकं तापलंय, तुझ्यावर नाही रे," एवढं म्हटलं तरी त्याचा जीव भांड्यात पडतो.

कामाची वेळही आधीच ठरवून टाकावी. दहापर्यंत रानात, मग मोकळं. दहा वाजले की आपणच म्हणायचं, "जा, खेळ आता." समोर अर्धं रान तसंच पडलेलं असताना हे म्हणणं जिवावर येतं. पण शब्द पाळला, तर दुसऱ्या दिवशी एका हाकेत उठण्याची आशा तरी धरता येते.