आधी ऑफिसात जा, मग योजना शोधा

नवा रुजू झालेला सहायक प्राध्यापक ‘सर, संशोधनाला पैसे कुठून मिळतील?’ असं विचारतो, तेव्हा मी त्याला एकाही योजनेचं नाव सांगत नाही. कॉलेजच्या ऑफिसात पाठवतो. तिथल्या भाऊसाहेबांना चार गोष्टी विचारून ये म्हणतो. आपलं कॉलेज यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) खाली मान्य आहे का? नॅकची मुदत कधी संपतेय? संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे का? आणि जुन्या प्रकल्पांपैकी कुणाची यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, लटकलेली आहे का? बहुतेकांचा चेहरा पडतो. पीएच.डी. नुकतीच झालेली असते, डोक्यात कल्पना उसळत असतात आणि हा म्हातारा आपल्याला कारकुनी कामाला लावतोय असं त्यांना वाटतं. पण अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आणि नंतर संशोधन समितीचं समन्वयकपद सांभाळण्यात माझी नोकरी गेली. चांगले प्रस्ताव तज्ज्ञांनी नाकारल्यामुळे मेले त्यापेक्षा जास्त आमच्या जावक रजिस्टरच्या अलीकडेच मेलेले मी पाहिले आहेत.

त्यातला एक सविस्तर सांगतो.

कास पठारामुळे साताऱ्याकडे वनस्पतीवाल्यांची ये-जा नेहमीची. २०१२ साली कास जागतिक वारशाच्या यादीत गेल्यावर ती आणखी वाढली. एका युरोपीय विद्यापीठातले प्राध्यापक कंदीलपुष्पांच्या अभ्यासासाठी आले. या प्रजातीतल्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत सापडतात, त्यांचे कंद लोक उकरून खातात, त्यामुळे विषय शास्त्राचाही होता आणि संवर्धनाचाही. आठवडाभर आम्ही त्यांच्याबरोबर कडेकपारी हिंडलो. जाताना त्यांनी स्वतःहून प्रस्ताव मांडला: क्षेत्रकाम तुम्ही करा, एका विद्यार्थ्याचं मानधन आणि डीएनए तपासणीचा खर्च आमचं विद्यापीठ देईल. प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं, स्थानिक दैनिकात फोटो छापून आला, संस्थेच्या सचिवांनी वार्षिक सभेत उल्लेख केला. सगळं झाल्यावर लेखापालांनी शांतपणे विचारलं, ‘सर, हे पैसे घ्यायचे कुठल्या खात्यात?’

परदेशी निधी घेण्यासाठी २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा त्या रकमेपुरती पूर्वपरवानगी लागते. आमच्या संस्थेकडे दोन्ही नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. कुणीतरी तोडगा काढला की जिल्ह्यातल्या एका नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे घ्यावेत आणि तिथून इकडे वळवावेत. तो मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद केला आहे. ज्याच्या नावावर परदेशी निधी आला त्यानेच तो वापरायचा, पुढे दुसऱ्याला द्यायचा नाही. शिवाय असा निधी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. म्हणजे नोंदणी झाली तरी तालुक्याच्या बँकेत काम भागत नाही.

हे कमी होतं म्हणून की काय, दुसरी गाठ पुढे होती. परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला आपल्याकडची वनस्पती संशोधनासाठी हवी असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. पाकिटातून वाळलेलं पान पाठवायचं म्हटलं तरी हा प्रश्न येतो. वनखात्याची परवानगी ती वेगळीच. पाहुण्यांना यातलं थोडं माहीत होतं, आम्हाला थोडं माहीत होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याने बघितलं असेल. अर्ज, खुलासे, पुन्हा अर्ज यात त्यांच्याकडच्या अनुदानाचा काळ संपला. पुढे त्यांनी एका केंद्रीय संस्थेबरोबर काम केलं आणि शोधनिबंधात आमचे आभार मानले. दोष कुणाचाच नव्हता. कायदेही तसे गरजेचेच आहेत; सह्याद्रीची बियाणी पोत्यांनी बाहेर गेल्यावर जाग येण्यापेक्षा हा जाच बरा, असं मी आजही म्हणतो. पण ज्या विद्यार्थ्याला आम्ही मानधनाचं सांगून ठेवलं होतं तो औषध कंपनीत लागला, आणि त्याचा क्षेत्रकामाचा डोळा मला पुन्हा कुणात दिसला नाही.

आरोग्याशी संबंधित विषय असेल आणि भागीदार परदेशी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची पायरीही चढावी लागते. इतिहासवाल्यांनाही यातून सुटका नाही. ब्रिटिश लायब्ररीचा संकटग्रस्त अभिलेखांसाठीचा एक कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. जुनी कागदपत्रं जागेवरच डिजिटल करायची, मूळ कागद देशाबाहेर न्यायचा नाही, आणि त्यासाठी अनुदान द्यायचं अशी त्याची पद्धत. मोडी दफ्तरांवर बसलेल्या आपल्या किती वाड्यांना आणि देवस्थानांना ती उपयोगी पडेल! पण तिथेही पहिला प्रश्न लेखापालांचाच येणार. फुलब्राइट-नेहरू किंवा डाड यांच्यासारख्या शिष्यवृत्त्या व्यक्तीला मिळतात. त्या बाबतीत रजा आणि ना-हरकत एवढंच सांभाळायचं असतं.

आता देशातल्या पैशाकडे वळू. माझ्या पिढीची सवय यूजीसीच्या लघु प्रकल्पांची. पुण्यात गणेशखिंडीला पश्चिम विभागीय कार्यालय, तिथे खेपा घालायच्या, थोडे पैसे मिळायचे, पण कॉलेजच्या शिक्षकाला हात बसवायला ते पुरत. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली आणि ते दार जवळजवळ मिटलं. आता विज्ञानातला मोठा दरवाजा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा. २०२३ च्या कायद्याने ते आलं आणि आधीचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे एसईआरबी, त्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा संकल्प जाहीर झाला, त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग, दानशूर संस्था वगैरेंकडून यावेत अशी अपेक्षा आहे. वर्तमानपत्रात हा आकडा वाचून आमच्या स्टाफरूममध्ये आनंद झाला होता. मी एवढंच म्हणालो की सरकारलासुद्धा भागीदार शोधावे लागताहेत, तर आपण कोण?

एसईआरबीच्या काळातली एक योजना कॉलेजच्या शिक्षकांसाठी मला सर्वांत उपयोगी वाटली, ती ‘टेअर’. आपली नोकरी न सोडता एखाद्या नामांकित संस्थेतल्या मार्गदर्शकाबरोबर वर्षातले काही आठवडे काम करायचं, आणि संशोधनाचा निधी यजमान संस्थेत व आपल्या कॉलेजात वाटून यायचा. हिच्यात भागीदारी आधी ठरते आणि पैसा तिच्यामागून येतो. माझ्या मते हाच खरा क्रम आहे. प्रस्ताव वाचणाऱ्या तज्ज्ञाला तालुक्याच्या कॉलेजातल्या माणसाची कल्पना आवडते, पण त्याच्या मनात शंका राहते की हा मोजमाप कुठे करणार? त्याचं उत्तर तुमच्या भागीदाराच्या पत्रात असतं.

आणि बऱ्याचदा पैसा लागतच नाही, उपकरणापर्यंत पोचणं लागतं. पवईच्या आयआयटीत बाहेरच्या संशोधकांनी नमुने पाठवून तपासून घ्यावेत अशी सुविधा आहे. शुल्क भरायचं, क्रमांक लावायचा. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रामार्फत भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीवर विद्यापीठातले लोक प्रयोग करतात. पुण्याची आयुका तर स्थापन झाली तीच विद्यापीठांतल्या लोकांसाठी. तिच्या सहयोगी सदस्यत्वातून लहान गावातले भौतिकीचे शिक्षक जाऊन काम करतात. उगाच वीस लाखांचं यंत्र मागू नका. ते आलं तर त्याला वातानुकूलित खोली लागते, वार्षिक देखभालीचा करार लागतो, आणि प्रकल्प संपल्यावर त्याच्यासाठी एक रुपया कुणी देत नाही. झाकण घालून ठेवलेली यंत्रं नॅकच्या समितीला दाखवायच्या दिवशीच पुसली जातात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

नॅकचा विषय निघालाच आहे, तर सामंजस्य करारांबद्दल बोलतो. मूल्यांकनात त्यांची मोजदाद होते म्हणून करारांचं पीक आलं. पुष्पगुच्छ, बॅनर, दोन सह्या, फोटो, फाइल. आमच्या कपाटात असे करार गठ्ठ्याने होते आणि त्यातल्या काहींमधल्या समोरच्या सहीचा माणूस कोण हे कुणालाच आठवत नव्हतं. असला करार प्रस्तावाला जोडला तर तज्ज्ञ हसतो, कारण त्याच्याही कपाटात तसलेच असतात. त्यापेक्षा एका शास्त्रज्ञाने ‘मी यांचे अमुक इतके नमुने अमुक पद्धतीने तपासून देईन’ असं लिहिलेलं एक पान जड पडतं.

असा शास्त्रज्ञ कुठे मिळतो? परिषदेच्या जेवणाच्या रांगेत क्वचित. आपल्या भागातल्या अडचणीजवळ हमखास. आमचा एक तरुण सहकारी, सूक्ष्मजीवशास्त्राचा, नॅनोकणांवर प्रस्ताव पाठवत असे. प्रत्येक वेळी नकार. तसले प्रस्ताव देशभरातून ढिगाने येत असणार. त्याच्या घरची बाग डाळिंबाची, आणि तेल्या रोगाने ती बसलेली. त्याला मी म्हटलं, तुझ्या बापाच्या बागेतून जिवाणू घे. नंतर त्याला सहकारी शास्त्रज्ञ शोधावा लागला नाही, कारण नमुने त्याच्याकडे होते आणि ते सगळ्यांना हवे होते. महाराष्ट्रात तर पिकापिकाच्या संस्था हाकेच्या अंतरावर आहेत: डाळिंबाची सोलापूरला, कांदा-लसणाची राजगुरुनगरला, द्राक्षांची आणि उसाची मांजरीला. तिथल्या माणसांना शेतापर्यंत पोचणारा आणि वर्षभर गावात राहणारा जोडीदार हवा असतो. तो तुम्ही आहात. शहरातल्या विद्यापीठाची नक्कल करण्यात हे भांडवल वाया घालवू नका.

भागीदारी जुळली की मैत्री गृहीत धरून बोलायचं टाळू नये. लेखात नावांचा क्रम काय, आकडेवारी कुणाकडे राहणार, विद्यार्थी कुणाच्या नावावर नोंदणार, पैसे उशिरा आले तर काम थांबवायचं की रेटायचं, हे पहिल्याच महिन्यात ई-मेलवर लिहून ठेवावं. संकोच वाटतो, मान्य. पण मंजुरीनंतर हे बोलणं भांडण वाटतं.

उद्योगांचा पैसा हा वेगळा प्रांत. कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. खाजगी संस्थेला त्यातून घ्यायचं तर सीएसआर-१ ही नोंदणी हवी. एमआयडीसीतल्या कारखानदाराकडे मात्र देणगी मागायला जाण्यापेक्षा त्याच्या सांडपाण्याचा नमुना मागायला जा. पहिल्या भेटीत पैशाचा शब्द काढू नका.

मंजुरीचं पत्र आल्यावर पेढे वाटून झाले की खरी कसोटी सुरू होते. पहिला हप्ता अनेकदा आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात येतो. पुढचा हप्ता आधीच्या पैशांचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय सुटत नाही. जीएफआर १२-ए नमुन्यातल्या त्या प्रमाणपत्रावर सनदी लेखापालाची सही लागते, आणि त्यांना संस्थेच्या सगळ्या शाखांचं ऑडिट एकाच वेळी असतं. तोवर विद्यार्थ्याची छात्रवृत्ती थकते. २०२३ च्या जानेवारीपासून जेआरएफला दरमहा ३७ हजार आणि घरभाडं असा दर आहे, कागदावर चांगलाच. पण महिनोन्‌महिने थकल्यावर खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे कुठून आणणार? माझ्या पाहण्यातले अर्धवट राहिलेले बहुतेक प्रकल्प असे संपले, विद्यार्थी गेल्यामुळे. म्हणून अर्ज करण्याआधीच संस्थेच्या सचिवांकडून लेखी घ्या की हप्ता लांबला तर संस्था छात्रवृत्तीपुरती रक्कम उचल देईल. प्रस्तावाच्या काळात सगळे खूश असतात, तेव्हाच ही सही मिळते.

बाकी नियम थोडक्यात. यंत्राच्या शीर्षातला पैसा रसायनांवर, रसायनांचा प्रवासावर वळवू नका. गरज पडली तर आधी पत्र लिहा. खात्यावर पडलेलं व्याजही सरकारचं, ते हिशोबात दाखवून परत करावं लागतं. खरेदी जेम पोर्टलवर होत असेल तर तिथूनच. यंत्राची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला त्याच आठवड्यात.

दोन प्रकारच्या लोकांपासून लांब राहा. पहिले, ‘आंतरराष्ट्रीय संशोधन अनुदान मंजूर झाले आहे, प्रक्रिया शुल्क भरा’ असं कळवणारे. खरी अनुदान देणारी संस्था मंजूर रकमेसाठी तुमच्याकडून शुल्क मागत नाही. दुसरे, टक्केवारीवर प्रस्ताव लिहून देणारे. त्यांचा मजकूर तीन कॉलेजांत एकसारखा सापडतो, आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दिसतं.

शेवटी निवृत्तीचं. बऱ्याच योजनांत प्रकल्प संपेपर्यंत तुमची सेवा शिल्लक हवी असते, तेव्हा पंचावन्नीनंतर अर्ज करताना तरुण सहकाऱ्याला सहसंशोधक म्हणून घ्या आणि बँकेच्या कागदपत्रांपासून त्याला सगळं शिकवा. मंजुरीपत्र, यूसी आणि खर्चाचं विवरण यांच्या साक्षांकित प्रती त्याच्या ताब्यात द्या, एक संच घरी ठेवा. लेखापरीक्षणाच्या शंका प्रकल्प बंद झाल्यावर कितीतरी वर्षांनी येतात, आणि तेव्हा ऑफिसातून फोन निवृत्त माणसालाच जातो.