गालील सरोवराकांठचीं गांवें आणि त्यांचीं नांवें

गांवाचें नांव आपण दिवसांतून कितीदां तरी उच्चारतों. परंतु तें कोणीं ठेविलें, कोणत्या भाषेंत ठेविलें आणि तें टिकलें कसें, हे प्रश्न सहसा आपल्या मनांत येत नाहींत. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ग्रामनाम हें ताम्रपटाइतकेंच मोलाचें साधन वाटतें. ताम्रपट जमिनींत पुरलेला असतो. नांव लोकांच्या जिभेवर असतें, आणि म्हणूनच तें झिजतें, बदलतें, प्रसंगीं आपला मूळ अर्थ विसरून भलताच अर्थ धारण करतें. राजानें हुकमानें ठेविलेलें नांव आणि लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव यांचा झगडा लागला, तर अखेर कोणतें टिकतें? या प्रश्नाचा विचार करण्यास गालील सरोवराच्या कांठासारखा दुसरा उत्तम प्रदेश क्वचितच सांपडेल.

हें सरोवर सुमारें १३ मैल लांब व ८ मैल रुंद असून त्याचें पाणी समुद्रसपाटीच्या सुमारें ७०० फूट खालीं आहे. जॉर्डन नदी उत्तरेकडून त्यांत शिरते व दक्षिणेकडून बाहेर पडते. खुद्द या सरोवरासच चार नांवें आहेत. जुन्या करारांत त्याला किन्नेरेथ म्हटलें आहे. हा शब्द वीणेसारख्या एका वाद्याच्या इब्री नांवाशीं जुळतो, म्हणून सरोवराचा आकार वीणेसारखा आहे असें लोक सांगत आले. लूकच्या शुभवर्तमानांत त्याला गनेसरेत हें नांव आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत त्याला तिबिर्याचा समुद्रही म्हटलें आहे. गालील हें तर सबंध प्रांताचें नांव. त्याचा मूळ अर्थ ‘वर्तुळ’ किंवा ‘मंडल’ असा आहे. आपल्याकडे ‘मंडल’ हा शब्द वर्तुळ व प्रदेश या दोन्ही अर्थीं चालतो, तसाच हा प्रकार समजावा.

आतां कांठावरील गांवांकडे वळूं. पहिला वर्ग धंद्यावरून नांव मिळालेल्या गांवांचा. ‘बेथ’ म्हणजे घर. बेथसैदा म्हणजे मासेमारीचें घर, अर्थात् कोळ्यांचें ठिकाण. पेत्र, अंद्रिया व फिलिप्प हे याच गांवचे. पश्चिम तीरावरील मग्दाला याचा अर्थ ‘बुरूज’. मग्दालीया मरीया या नांवांतील ‘मग्दालीया’ हें तिच्या गांवावरूनच आलें आहे. यहूदी ग्रंथांत ‘मासळीचा बुरूज’ असा एका गांवाचा उल्लेख येतो व तो याच गांवाचा मानितात. ग्रीक भाषेंत लिहिणारे ज्या गांवाला तारिखेआ म्हणत, तेंही हेंच असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. त्या शब्दाचा संबंध खारवलेल्या मासळीशीं आहे. यावरून येथें मासळी खारवून दूरच्या बाजारीं पाठविण्याचा मोठा धंदा चालत असे, हें केवळ नांवावरूनच कळून येतें. सन २००९ मध्यें येथें पहिल्या शतकांतील सभास्थानाचे अवशेष सांपडले, तेव्हां या गांवाच्या भरभराटीचा दगडी पुरावाही हातीं आला.

दुसरा वर्ग व्यक्तिनामांचा. कफर्णहूम म्हणजे ‘नहूमाचें खेडें’. ‘कफर’ हा शब्द आपल्या ‘वाडी’सारखा आहे; अरबी भाषेंतही तो ‘कफ्र’ या रूपानें अनेक गांवांच्या नांवांआधीं लागतो. पुढें हें गांव ओसाड पडलें व त्या जागीं दगडांचा ढीग उरला. अरबी लोक त्याला ‘तेल हूम’ म्हणूं लागले. ‘तेल’ म्हणजे टेंकाड. खेडें गेलें म्हणून नांवांतील ‘कफर’ गेलें. टेंकाड उरलें म्हणून ‘तेल’ आलें! सन १८९४ मध्यें फ्रान्सिस्कन संन्याशांनीं ही जागा विकत घेतली व पुढें तेथील प्राचीन सभास्थान उजेडांत आणिलें.

तिसरा वर्ग पाण्यावरून पडलेल्या नांवांचा. तिबिर्याच्या दक्षिणेस उष्णोदकाचे झरे आहेत. तेथील जुन्या गांवाचें नांव हम्मथ. या नांवाचें मूळ ‘ऊष्ण’ या अर्थाच्या धातूंत आहे. त्याच सेमिटिक धातूपासून अरबी ‘हम्माम’ शब्द झाला व तो फारशीच्या द्वारें आपल्या ‘हमामखान्यां’त येऊन बसला. कफर्णहूमाच्या नैर्ऋत्येस तब्घा म्हणून एक स्थळ आहे. अरबीच्या साहाय्यानें या नांवाचा अर्थ लावूं गेल्यास हातीं कांहींच लागत नाहीं. कारण तो ग्रीक ‘हेप्टापेगॉन’, म्हणजे ‘सात झरे’, या शब्दाचा अपभ्रंश आहे. ग्रीक बोलणारे लोक गेले, तरी त्यांचा शब्द अरबी शेतकऱ्यांच्या मुखीं राहिला.

चवथा प्रकार भाषांतराचा. पूर्व तीरावरील एका डोंगरावर ग्रीकांनीं हिप्पोस नांवाचें नगर वसविलें. अरामी लोक त्यालाच सूसिता म्हणत. दोन्ही शब्दांचें मूळ ‘घोडा’ हेंच आहे. ग्रीक ‘हिप्पोस’ व संस्कृत ‘अश्व’ हे एकाच प्राचीन मूळापासून निघाले आहेत, हेंही संस्कृतच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. सन ७४९ च्या भूकंपांत हें नगर उद्ध्वस्त झालें.

आतां मुख्य प्रश्न, तो राजाज्ञेनें ठेविलेल्या नांवांचा. हेरोद अंतिपा यानें सुमारें सन २० मध्यें पश्चिम तीरावर नवी राजधानी बांधिली व रोमच्या तिबेर्य कैसराला प्रसन्न करण्यासाठीं तिला तिबिर्या हें नांव दिलें. जोसीफस हा इतिहासकार सांगतो कीं, ही जागा थडग्यांवर होती, म्हणून धर्मनिष्ठ यहूदी तेथें राहण्यास नाखूष होते. राजानें गोरगरिबांना घरें व जमिनी देऊन नगर वसविलें. येशूनें या नगरांत पाऊल टाकिल्याचा उल्लेख शुभवर्तमानांत कोठेंही नाहीं. अंतिपाचा भाऊ फिलिप्प यानें बेथसैदाला नगराचा दर्जा दिला व राजघराण्यांतील ज्यूलियाच्या नांवावरून तिचें नांव ज्यूलियास ठेविलें.

परिणाम काय झाला तो पाहा. ज्यूलियास हें नांव आज केवळ ग्रंथांत आढळतें. नवा करार लिहिणारांनीं कोळ्यांचें बेथसैदा हेंच नांव कायम ठेविलें आणि जगानें तेंच स्वीकारिलें. तिबिर्या मात्र टिकलें. कां बरें? कैसराचा महिमा मोठा म्हणून म्हणावें, तर ज्यूलियासही त्याच घराण्याचें नांव होतें. तिबिर्या टिकलें याचें कारण असें कीं, तेथें लोक राहिले आणि त्यांनीं तें आपलें केलें. ज्या नगराला यहूद्यांनीं प्रथम अशुद्ध मानिलें, तेंच पुढें त्यांच्या विद्येचें केंद्र झालें. यरुशलेमी तालमूद या नांवानें प्रसिद्ध असलेला ग्रंथ सुमारें सन ४०० पर्यंत मुख्यतः येथेंच सिद्ध झाला, व इब्री लिपींत स्वर दाखविण्याची आज रूढ असलेली पद्धति या नगरच्या पंडितांनींच पूर्णतेस नेली. या पंडितांनीं नांवाचा अर्थही बदलून टाकिला! तिबिर्या म्हणजे देशाची ‘नाभि’, असा श्लेष त्यांनीं केला. कारण त्यांच्या भाषेंत नाभीचा शब्द तसाच ऐकूं येतो. ही व्युत्पत्ति भाषाशास्त्रदृष्ट्या खोटी आहे, तथापि लोकांनीं परकें नांव कसें पोटाशीं धरिलें याचा ती खरा पुरावा आहे. अरबी लोकही त्याला तबरिय्या म्हणतात.

नांव टिकलें म्हणजे माणसें टिकलींच, असेंही नाहीं. मग्दालाचें नांव धारण करणारें अल्‌-मज्दल हें अरबी खेडें सन १९४८ च्या युद्धांत निर्जन झालें. जवळच सन १९१० मध्यें वसलेलें मिग्दाल हें यहूदी गांव तेंच प्राचीन नांव चालवीत आहे. एकच शब्द, पण एकासाठीं तो घराचा पत्ता आणि दुसऱ्यासाठीं गमावलेल्या घराची आठवण. नकाशा वाचतांना अभ्यासकानें ही गोष्टही विसरतां कामा नये.

येणाऱ्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या गांवाच्या नांवाला तीन प्रश्न विचारावे. जुन्या कागदपत्रांत हें नांव कोणत्या रूपानें आढळतें? शेजारच्या खेड्यांतील वृद्ध मंडळी त्याचा उच्चार कसा करितात? आणि गांवांत जो अर्थ सांगतात, त्याला जागेचा, पाण्याचा किंवा धंद्याचा कांहीं आधार आहे काय? मिळतील तीं उत्तरें वहींत तारखेसह लिहून ठेवावीं. अर्थ लावण्याची घाई करूं नये. आधीं रूपें गोळा करावीं आणि मग मूळ शोधावें. तब्घासारखें एखादें नांव तुमच्याही शिवारांत तुमची वाट पाहत असेल.