ओले अंथरूण आणि निवासी शाळेतील मूल

जून महिन्यात शाळा उघडतात आणि डोंगरातील पाड्यांवरून सहा-सात वर्षांची मुले पत्र्याच्या पेट्या घेऊन आश्रमशाळेत दाखल होतात. घरी एकाच वाकळेखाली भावंडांसह आईजवळ झोपणारे मूल आता लांबलचक दालनात, चाळीस मुलांच्या रांगेत, एकटे झोपू लागते. पहिल्या आठवड्यातच अधीक्षकांच्या ध्यानात येते की, सकाळी चार-पाच अंथरुणे ओली असतात. त्यानंतर काय घडते यावर त्या मुलांचे शाळेतील पुढचे दिवस कसे जातील हे पुष्कळ अंशी ठरते. कोठे कामाठी अंथरूण उचलून निमूटपणे उन्हात टाकतो व गोष्ट तेथेच संपते. कोठे मात्र मुलाला सर्वांदेखत उभे करून जाब विचारला जातो, 'मुतऱ्या' हे नाव त्याला कायमचे चिकटते आणि एके दिवशी ते मूल कोणालाही न सांगता घरचा रस्ता धरते. हजेरीपटावर नुसती 'गैरहजर' अशी नोंद होते. कारण कोणी लिहीत नाही.

शिक्षा करणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. धाकाने सवय सुटेल असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. परंतु सवय म्हणजे जागेपणी केलेली कृती. झोपेत घडणाऱ्या गोष्टीला धाक लागू पडत नाही, हे प्रथम लक्षात घेणे अगत्याचे आहे. उलट, भीतीने मूल रात्री नीट झोपत नाही आणि पहाटे इतके गाढ झोपी जाते की, अंथरूण भिजल्याचे त्याला कळतही नाही.

या तक्रारीला आयुर्वेदात 'शय्यामूत्र' असे नाव आहे. तिच्या मुळाशी मुख्यतः तीन गोष्टी असतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतील एका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक स्रवते. काही मुलांत रात्रीचे हे स्रवणे उशिरा सुरळीत होते. दुसरे, मूत्राशयाची धारणाशक्ती. मुलाच्या वयात एक मिळवून त्या संख्येला तीसने गुणले असता साधारणपणे किती मिलिलिटर लघवी त्याच्या मूत्राशयात मावेल याचा अंदाज येतो. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे माप सुमारे २१० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पेलाभर होते. अंथरूण ओले करणाऱ्या अनेक मुलांत ते याहूनही कमी असते. तिसरी गोष्ट, भरलेल्या मूत्राशयाकडून मेंदूला जाणारा इशारा मुलाला जागे करण्यास अपुरा पडतो. यात आनुवंशिकतेचा भागही मोठा आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो होतो. मुलाच्या वडिलांना एकीकडे घेऊन विचारले, तर ते बहुधा हसून कबूल करतात.

पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा मुले अंथरूण ओले करतात. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण अधिक असते. त्यानंतर दरवर्षी, उरलेल्यांपैकी साधारण पंधरा टक्के मुले कोणत्याही उपचाराविना बरी होतात. दहा वर्षांच्या सुमारास शंभरात पाच आणि पुढे किशोरवयाच्या अखेरीस एखादे-दुसरे उरते. याचा अर्थ, पहिली-दुसरीच्या चाळीस मुलांच्या दालनात चार-पाच अंथरुणे ओली असणे हे अपेक्षितच आहे. त्यात शाळेच्या शिस्तीचा दोष नाही आणि मुलाचाही नाही.

पाणी तोडणे घातक

आपल्याकडे या तक्रारीवर सर्वांत सहज सुचणारा उपाय म्हणजे पाणी बंद करणे. 'दुपारनंतर याला पाणी देऊ नका,' असे सांगितले जाते. मूलही शहाणे असते. ते लाजेपोटी स्वतःच पाणी टाळू लागते. या एका उपायाविषयी येथे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण महाराष्ट्राच्या काही भागांत तो मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यांतील आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातील इतर काही समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना निर्माण करतात. हात-पाय, छाती, पोट यांतील ही दुखणी शिक्षकांच्या परिचयाची आहेत. पण याच आजाराचा मूत्रपिंडांवर होणारा परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मूत्रपिंडाच्या आतल्या भागातील रक्तप्रवाहाला अडथळा आल्यामुळे लघवी दाट करण्याची त्याची शक्ती लहानपणीच कमी होते. पाणी कमी प्यायले तरी लघवी पातळ व पुष्कळ होत राहते. त्यामुळे सिकलसेलग्रस्त मुलांत अंथरूण ओले करण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा बरेच जास्त असते, आणि ते मोठ्या वयापर्यंत टिकते.

आता अशा मुलाचे पाणी तोडले तर काय होईल? लघवी थांबणार नाही, शरीरातील पाणी मात्र घटेल. आणि शरीरातील पाणी घटणे हेच तर सिकलसेलच्या वेदनांचा झटका येण्याचे एक प्रमुख कारण आहे. रात्री अंथरूण ओले करू नये म्हणून तहान मारणारे मूल चार दिवसांनी अंग दुखते म्हणून कण्हत पडते आणि या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्याही मनात येत नाही. अधीक्षकांनी, स्वयंपाक्यांनी व कामाठ्यांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ होईल : अंथरूण ओले करणाऱ्या कोणत्याही मुलाचे पाणी बंद करू नये.

ओले अंथरूण म्हणजे सिकलसेल, असा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नये. बहुसंख्य मुलांना असा कोणताही आजार नसतो. पण वरील जिल्ह्यांत, मूल सात-आठ वर्षांचे होऊनही तक्रार कायम असेल, तर त्याची सिकलसेल तपासणी झाली आहे काय हे आरोग्यपत्रिकेत पाहावे, आणि झाली नसल्यास करून घ्यावी. बोटातील रक्ताच्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते व ती सदोष आल्यास इलेक्ट्रोफोरेसिससारख्या दुसऱ्या तपासणीने मूल वाहक आहे की रुग्ण आहे हे निश्चित होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. त्याखाली चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी करण्याचे ठरले आहे. आश्रमशाळेची सारी मुले एकाच ठिकाणी असल्याने हे काम तेथे सर्वांत सोपे असावयास हवे.

दिवसाची घडी

रात्रीच्या तक्रारीवरील इलाज दिवसा सुरू होतो. पाणी तोडावयाचे नाही, तर त्याची विभागणी बदलावयाची आहे. मुलाने सकाळी, शाळा भरताना, मधल्या सुट्टीत, जेवणाबरोबर व दुपारी भरपूर पाणी प्यावे, म्हणजे संध्याकाळी फार तहान उरत नाही. झोपण्यापूर्वीच्या तासाभरात तांब्या रिकामा करू नये इतकेच. तहान लागली तर त्याही वेळी घोटभर पाणी द्यावे, आणि सिकलसेलग्रस्त मुलाला तर मागेल तेव्हा, मागेल तेवढे. संध्याकाळचा चहा लहान मुलांना देऊ नये. चहाने लघवी वाढते.

दर दोन-अडीच तासांनी लघवीला जाण्याची सवय लावावी. येथे शिक्षकांचा संबंध येतो. करंगळी वर करणाऱ्या मुलाला 'आत्ताच तर सुट्टी झाली' म्हणून खाली बसविणे ही आपल्या वर्गांतील जुनी रीत आहे. ज्यांना हा त्रास आहे अशा मुलांपुरती तरी ती सोडावी. शौचास साफ होते की नाही हेही पाहावे. बद्धकोष्ठ झालेल्या मुलाचे भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते, आणि कित्येक मुलांत केवळ पोट साफ होऊ लागल्याने अंथरूण कोरडे राहू लागते. भाकरी, डाळ, पालेभाजी व पुरेसे पाणी, एवढ्यानेही बरेच साधते.

झोपण्यापूर्वी दालनातील सर्वच मुलांना लघवीला पाठवावे, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखविले जात नाही. ज्याला त्रास आहे त्याला दाराजवळची जागा द्यावी. दुमजली खाटा असतील तर खालची. अंथरुणाखाली मेणकापड घालावे आणि एक कोरडी चादर व चड्डी त्याच्या पेटीत ठेवावी. अधीक्षक रात्री अकराच्या फेरीस निघतात तेव्हा त्याला उठवून नेण्यास हरकत नाही. त्याने तक्रार बरी होत नाही, पण त्या रात्रीपुरते अंथरूण वाचते. सकाळी ओली चादर बदलण्यात मुलाने मदत करावी, मात्र ती शिक्षा म्हणून नव्हे, आणि इतर मुले उठण्यापूर्वी. एका वहीत दोन आठवडे कोरड्या व ओल्या रात्रींची नोंद ठेवावी. शाबासकी द्यावयाची ती झोपण्यापूर्वी आठवणीने लघवीला गेल्याबद्दल. कोरड्या रात्रीबद्दल नको, कारण कोरडी रात्र त्याच्या हाती नसते.

घरगुती उपायांपैकी तीळगुळाचा लाडू निरुपद्रवी आहे. मुलाला आवडतोही. ताईत-दोऱ्यांविषयी एवढेच म्हणता येईल की, दरवर्षी शंभरातील पंधरा मुले आपोआप बरी होत असल्याने श्रेय घेणारे नेहमीच मिळतात. डागणे, चटके देणे असे प्रकार मात्र गुन्हा आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे. ओल्या चादरीसह मुलाला सर्वांपुढे उभे करणे हा मानसिक छळच होय.

वैद्यकीय सल्ला केव्हा?

मुलाला एकाएकी फार तहान लागू लागली, ते वाळत चालले, लघवीला मुंग्या लागू लागल्या, तर तो बालमधुमेह असू शकतो. अशा मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. उद्यावर टाकू नये. लघवी करताना जळजळ, ताप, दिवसाही कपडे ओले होणे, लघवीची धार बारीक असणे किंवा ती थेंब थेंब गळत राहणे, यांपैकी काही आढळल्यासही तपासणी करावी.

सहा महिने वा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर कारण शोधावे. कधी ते घराच्या आठवणीचे असते. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले आणि मूल हंगामी वसतिगृहात राहिले, की असे घडू शकते. कधी कारण याहून गंभीर असते. कोणी मुलाला छळते आहे काय, त्याच्या अंगाशी कोणी वाईट वागले आहे काय, हे विश्वासातील व्यक्तीने एकांतात, हळुवारपणे जाणून घ्यावे. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते.

सात वर्षांनंतरही तक्रार राहिली व मुलाला तिचा जाच होत असेल, तर उपचार उपलब्ध आहेत. ओलावा लागताच वाजणारी घंटा हा त्यांतील खात्रीचा उपाय. तिची कथा गमतीची आहे. १९०४ च्या सुमारास फाउंड्लर या बालरोगतज्ज्ञाने, बाळ ओले झाल्याचे परिचारिकांना कळावे म्हणून अशी घंटा बसविली, तेव्हा मुलेच हळूहळू कोरडी राहू लागली. पुढे १९३८ साली अमेरिकेतील मौरर दांपत्याने तिचा उपचार म्हणून पद्धतशीर वापर केला. तीन-चार महिने नेटाने वापरल्यास सुमारे दोन तृतीयांश मुलांना गुण येतो. घरी हा उपाय चांगला. चाळीस मुलांच्या दालनात मात्र तीच घंटा दवंडी ठरेल. डेस्मोप्रेसिन नावाचे औषधही दिले जाते, पण ते घेतल्यावर रात्री पाणी मर्यादित ठेवावे लागते, अन्यथा रक्तातील क्षार घटून झटके येऊ शकतात. सिकलसेलग्रस्त मुलाच्या बाबतीत हे बंधन किती अडचणीचे आहे ते वर आलेच आहे. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कधीही देऊ नये.

ग्रामपंचायत सदस्यांना या सर्वांत आपला काय संबंध, असे वाटेल. त्यांनी एकदा रात्री दहा वाजता वसतिगृहापासून शौचालयापर्यंत स्वतः चालत जावे. दिवा नाही, वाटेत गवत, सापाची भीती, मोकाट कुत्री, आणि शेवटी पाणी नसलेली टाकी. जागे झालेले मूलही मग पडून राहते. दोन दिवे, वाटेवरील फरशी आणि टाकीला पाणी, ही कामे ग्रामसभेत मांडता येण्याजोगी आहेत, आणि शाळा व्यवस्थापन समितीने ती मागितलीही पाहिजेत.

सुट्टीत मूल घरी जाते तेव्हा अधीक्षकांनी पालकांशी दोन शब्द बोलावेत. मूल कोणते उपाय पाळते आहे, त्याची सिकलसेल तपासणी केव्हा झाली व तिचा निष्कर्ष काय, हे सांगून कार्ड त्यांच्या हाती द्यावे. आजीने पाण्याचा तांब्या त्याच्यापासून दूर ठेवू नये, हेही त्याच वेळी सांगून ठेवावे.