नाडी अडखळते तेव्हा

वस्तीत ‘हार्ट फेल झाले’ असे कानावर आले की लोक धरून चालतात, माणूस गेला. तसे नाही. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलेले नसते, त्याची रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेली असते. मग पाणी फुप्फुसात आणि पायांत साचते. दोन पायऱ्या चढताच धाप लागते, रात्री उशा रचून बसावे लागते, पावलांवर बोट दाबले की खळगा पडतो.

असा पेशंट वॉर्डात दाखल झाला की छातीला चिकटवलेल्या तारांच्या पडद्यावर आम्हा नर्सेसची नजर असते. कारण अनेकांचे ठोके अनियमित झालेले असतात. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन.

हृदयाचे चार कप्पे असतात. वरचे दोन आकुंचन पावून खालच्या दोघांत रक्त भरतात, खालचे दोन ते पुढे ढकलतात. या आजारात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. नाडी कधी लवकर, कधी उशिरा लागते. मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० असते. इथे ती १२०, १५० पर्यंतही जाते. हृदयाला भरायलाच वेळ मिळत नाही. आधीच थकलेले हृदय आणखी थकते, आणि थकलेल्या, ताणलेल्या हृदयाचे ठोके आणखी बिघडतात. दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात.

कारणे बरीच आहेत. वर्षानुवर्षे न तपासलेला रक्तदाब, हार्ट अटॅक, थायरॉइड, दारू. आपल्याकडे आणखी एक: लहानपणी घसा दुखून आलेला संधिवाताचा ताप, ज्याने हृदयाच्या झडपा खराब होतात. न्यूमोनिया झाला किंवा लघवीच्या गोळीने रक्तातले पोटॅशियम उतरले, तरी ठोके बिघडतात. म्हणूनच वॉर्डात पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. ‘किती रक्त काढता?’ म्हणून रागावू नका.

खरा धोका वेगळा आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गाठ होते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. या आजारात लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. तो टाळण्यासाठी बहुतेकांना रक्त पातळ करणारी गोळी देतात.

आम्ही नोकरीत असतानाची एक गोष्ट आजही बोचते. बिगारी काम करणारा एक भाऊ बरा होऊन घरी निघाला. गर्दीचा दिवस होता. आम्ही डिस्चार्ज कार्ड त्याच्या बायकोच्या हातात दिले, गोळ्यांची पुडी दिली आणि पुढच्या खाटेकडे वळलो. धाप गेली, सूज उतरली, तेव्हा घरच्यांनी खर्च वाचवायला एक गोळी बंद केली. ती नेमकी रक्त पातळ करणारी होती. तो पुन्हा आला तेव्हा उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. चूक त्या बाईची नव्हती. कार्ड इंग्रजीत होते आणि आम्ही समजावले नव्हते.

म्हणून घरी निघण्याआधी विचारा: यातली रक्त पातळ करणारी गोळी कोणती? किती दिवस घ्यायची? तपासणी कधी? गोळीच्या पाकिटावर मराठीत लिहून घ्या. विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल चालू असेल तर आयएनआर ही रक्ततपासणी ठरल्या तारखेला करा. बहुतेकांत ती २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. पालेभाजी सोडू नका, पण प्रमाण रोज साधारण सारखे ठेवा. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणू नका. त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो आणि अंगात पाणीही साचते. काळी शौच, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा असे काही दिसले तर लगेच दवाखाना.

सुकट, बोंबील, पापड, लोणचे यांत मीठ फार, ते टाळा. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते पाणी आहे, डॉक्टरांना दाखवा.

नाडी पाहायला आजच शिका. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके वेडेवाकडे लागले तर ईसीजी काढून घ्या.

आणि तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले तर लिंबू-सरबत, मालिश यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. कोणती गोळी चालू आहे ते तिथे सांगा, कार्ड सोबत न्या.

या रविवारी घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याची नाडी मोजा. त्याला पैसा लागत नाही, फक्त एक मिनिट लागते.