निसटलेली चप्पल

किराणा दुकानात तीस वर्षं साखरेची पोती उचलली. कंबर धरली की बाम आणि गरम पाण्याची पिशवी, एवढाच आमचा उपचार. त्या पावसाळ्यात मात्र कळ कंबरेतून निघाली ती डाव्या पोटरीवरून थेट अंगठ्यापर्यंत. एमआरआय काढला. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर येऊन नस दाबत होती. डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय निभावतं. पण पायातला जोर कमी झाला, तर थांबू नका." मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं.

महिन्याभरात कळ ओसरली. मालिशवाल्याला खुशीने जादा पैसे दिले. त्याच आठवड्यात जिना चढून घरात आलो, तर बायको म्हणाली, "अहो, दुसरी चप्पल कुठंय?" ती खालच्या पायरीवर पडली होती. मला पत्ताच नव्हता. आम्ही दोघंही हसलो.

त्या हसण्यात तीन आठवडे गेले. मग एका सर्जनना दाखवलं. त्यांनी टाचांवर चालायला सांगितलं, तर डावा चवडा उचलेचना. कळ ओसरली होती, कारण नस दमली होती.

एका ठिकाणी स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडायला सांगितलं. दुसरीकडे पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढले. मणका जागचा हलत नव्हता, म्हणून मायक्रोडिस्केक्टॉमी पुरेशी ठरली. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली लहानशा छेदातून गादीचा नस दाबणारा तुकडाच काढतात. उतारवयात मणक्याची नळी अरुंद झाली असेल, तर मागचं हाड कोरून जागा मोकळी करतात, ती लॅमिनेक्टॉमी. मणका घसरत असेल, तर जोडणी, म्हणजे फ्यूजन. तिन्हींना आपण 'मणक्याचं ऑपरेशन' म्हणतो, पण तिन्हींची कारणं वेगळी.

म्हणून सर्जनना विचारा: कुठली नस दबली आहे? माझा त्रास आणि एमआरआय जुळतात का? जोडणी सुचवली, तर मणका हलतो हे कशावरून? दुखणं नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही सरकलेली गादी दिसते. नुसत्या फोटोवर ऑपरेशन ठरवू नका. ऑपरेशनने पायातली कळ जाण्याचा भरवसा जास्त, नुसत्या कंबरदुखीचा कमी. तीच गादी पुन्हा सरकूही शकते.

लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतला जोर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.

माझी उरलेली कळ शुद्धीवर आलो तेव्हाच गेली होती. अंगठा मात्र वर्ष झालं तरी पुरता उचलला जात नाही. दाराशी आता मागे पट्टा असलेल्या सँडल असतात. रोज सकाळी त्या घालण्याआधी चार पावलं टाचांवर चालून बघतो.